सुकाळांतील वर्गणी: सोलापूर जिल्ह्यांतील फळबागा आणि पाण्याचा संचय

(दुष्काळ निवारण कमिटीच्या वार्षिक सभेंत कमिटीच्या वतीनें केलेलें भाषण)



दुष्काळ निवारण कमिटीनें वर्गणीसाठीं पदर पसरावा तो दुष्काळांत, अशी रूढि आहे. विहिरी आटल्या, गुरें छावणीस गेलीं, वर्तमानपत्रांत भेगाळलेल्या जमिनीचीं चित्रें आलीं, म्हणजे आमचें काम सोपें होतें. मागण्यापूर्वींच लोक देतात. आज आम्ही आपणांपुढें उभे आहों ते अशा वेळीं कीं, विहिरींस पाणी आहे, बाजारांत माल आहे, आणि दुष्काळ हा शब्द उच्चारणेंही कोणास अपशकुनासारखें वाटावें. तरीही आम्ही मागण्यास आलों आहों. टंचाईच्या वर्षीं दिलेला रुपया एका माणसाची एका दिवसाची तहान भागवितो; तोच रुपया पाण्याच्या वर्षीं, योग्य ठिकाणीं घातला, तर ती तहान मुळांत लागूं देत नाहीं. हें आम्ही अनुभवानें शिकलों, आणि त्या अनुभवांत आमच्या स्वतःच्या एका चुकीचाही वांटा आहे. ती चूकही आज आपणांपुढें मांडणार आहों.

आपल्या जिल्ह्याची प्रकृति आपणांस ठाऊकच आहे. सह्याद्रीच्या आडोशास पडलेला हा मुलूख. पाऊस सरासरीनें बावीस इंचांच्या आसपास, म्हणजे सुमारें ५५० मिलिमीटर. सांगोला-मंगळवेढ्याकडे त्याहूनही कमी. त्यांतही मृगाचा भरंवसा नाहीं. खरा पाऊस उत्तरा-हस्तावर. म्हणूनच येथील शेतकरी पूर्वापार रब्बीचा. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण, आणि मंगळवेढ्यास दामाजीपंतांनीं सरकारी धान्याचें कोठार भुकेल्यांस खुलें केल्याची कथा, या मातींत अद्याप जिवंत आहे. इंग्रजी अमलांत शहराच्या उत्तरेस अडीला नदीवर एकरूकचा तलाव १८७१ सालीं पुरा झाला. त्यानंतर पांचच वर्षांनीं १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला व त्यांत हा जिल्हा होरपळून निघाला. पुढें १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. १९३३ च्या सुमारास कोरडवाहू शेतीचें संशोधन करण्यासाठीं देशांत जीं मोजकीं केंद्रें निघालीं, त्यांत सोलापूर होतें. १९७२ च्या दुष्काळांत लाखों हातांनीं खडी फोडली, आणि त्या अनुभवांतूनच १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. तात्पर्य, दुष्काळ आपल्याकडे पाहुणा म्हणून येत नाहीं. तो घरचाच आहे, आणि घरच्या माणसाची सोय आधीं करून ठेवावी लागते.

भीमेवर उजनीचें धरण १९८० सालीं उभें राहिलें तेव्हां पुष्कळांस वाटलें कीं, आतां हा प्रश्न सुटला. धरण खरोखरच मोठें आहे. त्याचा एकूण साठा सुमारें ११७ अब्ज घनफूट, आणि त्यांपैकीं ६३ अब्ज घनफुटांहून अधिक हा कालव्यांच्या तोंडाखालचा, ज्यास मृत साठा म्हणतात तो. पण २०२३ चा पाऊस ओढ देऊन गेला. त्या वर्षाच्या ऑक्टोबर अखेरीस सरकारनें राज्यांतील ४० तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले. त्यांत आपले बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा व माढा हे पांच होते. २०२४ च्या उन्हाळ्याच्या शेवटास उजनीच्या मृत साठ्यांतीलही निम्म्याच्या आसपास पाणी संपलें होतें. त्याच वर्षीं पावसाळ्यांत धरण भरलें. आणि २०२५ च्या सप्टेंबरांत सीनेला असा पूर आला कीं, करमाळा, माढा, मोहोळ व सोलापूरच्या तालुक्यांत काठचीं गांवें, पिकें आणि गुरें यांची दैना झाली. दोन वर्षांच्या आंत एकाच जिल्ह्यानें पाण्यावांचून व पाण्यानें, असे दोन्ही प्रकारचे हाल सोसले. पाणी येतें तें एकदम येतें आणि थांबत नाहीं. त्यास थांबविणें हेंच आमच्या मतें दुष्काळ निवारणाचें मुख्य काम होय.

आतां फळबागांविषयीं. या सभेंत बागाईतदार मंडळी पुष्कळ आहेत, आणि आडतीवर डाळिंबाच्या पेट्यांचा व्यवहार करणारे व्यापारीही आहेत. डाळिंबानें या जिल्ह्यास काय दिलें हें आम्हीं सांगावयास नको. हें झाड मूळचें इराणकडच्या कोरड्या मुलखांतलें. हलक्या, मुरमाड जमिनींत तें रमतें, उन्हाची काहिली सोसतें. डॉ. चीमा यांनीं पुण्याच्या गणेशखिंड केंद्रावर आळंदीच्या झाडांतून निवडलेला ‘गणेश’ आणि पुढें राहुरीच्या कृषि विद्यापीठानें पुढें आणलेला ‘भगवा’, या वाणांनीं माळरानाचें सोनें केलें. १९९० सालीं रोजगार हमीशीं जोडलेली फळबाग लागवडीची योजना आली, तेव्हां जेथें कुसळाशिवाय कांहीं उगवत नव्हतें तेथें गरीब कुणब्यानेंही खड्डे घेऊन कलमें लावलीं. केंद्र सरकारचें डाळिंब संशोधन केंद्र २००५ सालीं सोलापुरासच स्थापन झालें, आणि २०१६ सालीं सोलापूरच्या डाळिंबास भौगोलिक मानांकन मिळालें. उसाच्या मानानें डाळिंबास पाणी पुष्कळच कमी लागतें. म्हणून फळबाग हा दुष्काळावरील एक खरा उपाय होता, आणि आजही होऊं शकतो, असें आमचें मत आहे.

परंतु उपायाचाच अपाय कसा होतो तें पाहा. थेंबाथेंबानें पाणी देणारी ठिबकाची नळी आली. चार एकरांस लागणाऱ्या पाण्यांत आठ एकर भिजूं लागले, तेव्हां बागाईतदारानें आठ एकर लावले. त्यांत त्यास दोष देण्याजोगें कांहीं नाहीं. परंतु पाणी वांचलें नाहीं, बाग वाढली. आणि फळबाग हें ज्वारीसारखें एका हंगामाचें पीक नव्हे. ज्वारी न पेरतां एक वर्ष काढतां येतें. उभी बाग एका उन्हाळ्यांत वाळली, तर अनेक वर्षांची मेहनत व कर्ज दोन्ही जमिनींत जातात. म्हणून बाग जितकी मोठी, तितकें टंचाईच्या वर्षींचें पाणी अधिक सक्तीचें.

मग शेततळें आलें. यासंबंधीं एक साधा हिशेब आपल्यापुढें ठेवूं. व्यापाऱ्यांस तो चटकन उमगेल. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल, उतरत्या बाजूंचें नेहमीचें शेततळें घेतलें, तर त्यांत सुमारें २२ लाख लिटर पाणी मावतें. एका एकरावर वर्षभरांत पडणारा ५५० मिलिमीटर पाऊस मोजला, तर तोही सुमारें २२ लाख लिटरच भरतो. म्हणजे एका एकराचा सारा पाऊस, एक थेंब न मुरतां व न उडतां, तळ्यांत आला तर तें एकदां भरेल. पण सारा पाऊस वाहत नाहीं. बराच मुरतो, बराच वाफ होतो. समजा दहावा हिस्सा वाहून आला, तर एक तळें भरण्यास दहा एकरांचें पाणलोट हवें. आतां आपल्या गांवच्या शिवारांत किती तळीं आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्यास किती पाणलोट येतें, हें ज्यानें त्यानें मनाशीं मोजावें. उत्तर उघड आहे. पुष्कळशीं तळीं पावसानें भरत नाहींत. हिवाळ्यांत विहिरीचें व बोअरचें पाणी उपसून तीं भरलीं जातात. तळास प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यामुळें त्यांतून जमिनीस परत कांहींच मिळत नाहीं. आणि वरून उघडें असल्यानें उन्हाळ्याच्या तोंडावर तें पाणी आकाशास वांटलें जातें. जें पाणी भुईखालीं सर्वांचें होतें, सांवलींत होतें, तें वर काढून एकाच्या मालकीचें केलें व उन्हांत ठेवलें. यास आम्ही संचय म्हणत नाहीं. ही नुसती जागेची अदलाबदल आहे.

आपल्या जिल्ह्याखालीं काळा पाषाण आहे. पाणी राहतें तें वरच्या झिजलेल्या मुरमांत व खडकाच्या भेगांत. खालीं जावें तों खडक घट्ट होत जातो. वाळूच्या मुलखांत जसें खोल गेल्यावर पाणी वाढतें, तसें येथें नाहीं. खोल बोअरला लागणारी भेग बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीशीं जोडलेली असते. ‘माझ्या जमिनीखालचें पाणी माझें’ हें म्हणणें कानाला बरें वाटतें; पण पाण्यास सातबारा वाचतां येत नाहीं. हें ओळखूनच महाराष्ट्राच्या २००९ सालच्या भूजल कायद्यानें शेतीसाठीं ६० मीटरांहून खोल नवी विहीर घेण्यास मनाई केली. कायदा कागदावर आहे. शिवारांत रात्रीं यंत्र येतें, सकाळीं जातें, आणि तें कोणी आणलें हें साऱ्या गांवास ठाऊक असून कोणी बोलत नाहीं, हेंही आपणांस ठाऊक आहे.

आतां आमच्या चुकीकडे येतों. गेल्या टंचाईंत आमच्या कमिटीनें पिण्याच्या पाण्याबरोबर कांहीं बागांसही टँकर दिले. उभी झाडें डोळ्यांदेखत वाळत होतीं, बागाईतदार रडकुंडीस आले होते, आणि वर्गणीदारांपैकीं कित्येक त्यांचे आप्त होते. आम्हीं विचार केला कीं, झाड वांचलें तर घर वांचेल. सांगोल्याकडील एका गांवीं अशा एका बागेस आम्हीं आठवड्यांतून दोन खेपा पोंचविल्या. बाग तगली. पुढील पावसानंतर आम्ही त्या गांवीं गेलों, तों त्याच मालकानें बागेंत आणखी लागवड केलेली, आणि बांधाला लागून नवें बोअर घेतलेलें. खालच्या अंगास एका विधवा बाईची जुनी दगडी विहीर होती. तिच्या सासऱ्यांनीं बांधलेली ती विहीर कोणत्याही उन्हाळ्यांत पूर्ण आटली नव्हती. त्या वर्षीं ती फेब्रुवारींतच कोरडी पडली. बाईनें आम्हांस दोष दिला नाहीं. ती एवढेंच म्हणाली, “दादा, तुमचा टँकर वरच्या मळ्यांत जायचा, तवा मी लेकरांस्नी दावायची, बघा, धर्माचं पाणी चाललंय.” हें ऐकून आम्ही खालीं मान घालून परत आलों. आमच्या धर्माच्या पाण्यानें एकाचा दुष्काळ टळला, आणि तो दुसऱ्याच्या दारांत नेऊन ठेवला गेला. मालक वाईट माणूस नव्हता. त्यास कर्ज होतें, आणि आम्हीं पाणी देतांना त्यास कांहींच अट घातली नव्हती. चूक आमची होती.

कोणी विचारतील कीं, मग बागाईतदारानें करावें तरी काय? याचें उत्तर झाडच देतें, पण तें सोपें नाहीं. डाळिंबास बहार धरण्यापूर्वीं पाण्याचा ताण द्यावा लागतो. विश्रांति हा त्याच्या स्वभावाचाच भाग आहे. बहार तीन. मृग बहार पावसाच्या पाण्यावर येतो, परंतु दमट हवेंत तेल्या रोगाचें भय सर्वांत अधिक. या रोगानें गेल्या वीस वर्षांत कित्येक चांगल्या बागा धुळीस मिळविल्या आहेत. आंबे बहारास रोग कमी, पण फळ पोसण्याचा काळ ऐन उन्हाळ्यांत. म्हणजे गांव तहानलेलें असतां बागेस पाणी हवें. हस्त बहारास पावसाळ्याअखेरचें पाणी पुरतें, फळ कडक उन्हाळ्यापूर्वीं बरेंचसें हातीं येतें, रोगही कमी. परंतु परतीचा पाऊस लांबला तर झाडास ताण बसत नाहीं आणि फूल कमी येतें. जो बहार पाणी वांचवितो तो रोग आणतो, आणि जो रोग टाळतो तो पाणी पितो, अशी ही कोंडी आहे. तींतून हस्त बहार, रोगमुक्त कलमें, छाटलेल्या फांद्या जाळून बागेची स्वच्छता, झाडास पुरेशी विश्रांति, बुंध्याशीं पाचटाचें आच्छादन, आणि पाण्याइतकीच बाग, हा मध्यम मार्ग निघतो. २०२१ व २०२२ सालीं सांगोल्याकडे खोडास भोंकें पाडणाऱ्या भुंगेऱ्यानें बागाच्या बागा मुळासकट उपटाव्या लागल्या, तेव्हां जाणत्या बागाईतदारांनीं हेंच सांगितलें कीं, अति पाणी व अति उत्पन्न यांच्या मागें लागून दमलेलें झाड किडीस लवकर बळी पडतें.

हें एकट्यानें होणारें नाहीं, हें आम्हांस कळतें. शेजारी उपसत असतां आपण थांबावें, तर आपलें पाणीही तोच नेतो. म्हणून सारें गांव एकत्र थांबलें पाहिजे. असें गांव दूर नाहीं. नगरकडील हिवरे बाजार येथें पाऊस आपल्याहून अधिक नाहीं. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें त्या गांवानें डोंगरउतारावर चर खणले, शेतीसाठीं बोअर घेण्यास व ऊस लावण्यास स्वतःच बंदी घातली, आणि दरवर्षीं पावसाळ्यानंतर ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडण्याची चाल पाडली. पाऊस किती पडला, विहिरींत किती आलें, प्यावयास किती राखावयाचें, आणि उरलेल्यांत कोणतें पीक घ्यावयाचें, हें चारचौघांत ठरतें. व्यापारी बंधुहो, आपण दिवाळीस वह्यांचें पूजन करून जमाखर्च पाहतां. त्याच दिवसांत गांवानें पाण्याची वही पाहावी, एवढीच ही गोष्ट आहे. शिल्लक न पाहतां हुंडी लिहिणाऱ्या पेढीचें काय होतें, हें आपणांस आम्हीं सांगावें काय?

या विचारानें कमिटीनें पुढील वर्षापासून फंडाच्या विनियोगाचे नियम बदलले आहेत. फंडाचा पहिला वांटा पिण्याचें पाणी व चारा यांसाठीं राखीव राहील. त्यास कोणत्याही कारणास्तव हात लागणार नाहीं. दुसरा वांटा गांवतळीं व पाझर तलाव यांतील गाळ काढणें, ओढ्यांवर बांध घालणें आणि जुन्या विहिरींची दुरुस्ती यांकडे जाईल. निघालेला गाळ प्रथम लहान शेतकऱ्यांच्या हलक्या जमिनींस मिळेल. तिसरा वांटा प्रत्येक सहभागी गांवीं विहिरींची पातळी मोजण्यासाठीं व ऑक्टोबरांत पाण्याचा ताळेबंद मांडण्यासाठीं आहे. ही रक्कम लहान, परंतु आमच्या मतें सर्वांत मोलाची. बागेस टँकर देण्याचा प्रसंग पुन्हां आलाच, तर तो केवळ अशा बागेस मिळेल, जिच्या मालकानें ग्रामसभेसमोर नवें बोअर न घेण्याचें व ताळेबंदांत ठरलेल्या मर्यादेबाहेर लागवड न वाढविण्याचें लिहून दिलें असेल. या नियमास कमिटीच्या सभासदांच्या बागाही अपवाद नाहींत. कित्येक वर्गणीदारांस हा नियम कठोर वाटेल, आणि त्यामुळें कांहीं मदत आटेल, हेंही आम्हीं जाणून आहों. पण त्या कोरड्या विहिरीच्या कांठीं उभें राहिल्यावर आम्हांस दुसरा नियम करतां येईना.

आतां आमची विनंती. व्यापारी बंधूंनीं जुन्या धर्मादायाची चाल आठवावी. प्रत्येक आडतीवर मालाच्या व्यवहारामागें कांहीं ना कांहीं पुण्यकार्यास काढून ठेवीत. डाळिंबाच्या पेटीमागें आपल्या खुषीनें जें ठरवाल, तें ज्या शिवारांतून ती पेटी आली त्या शिवाराच्या पाण्यास द्या. यांत परोपकाराइतकाच व्यापारही आहे. बाग गेली तर पेटी कोठून येणार?

जमीनदार व बागाईतदार मंडळींस आम्ही पैशाहून अवघड वस्तु मागतों. आपल्या विहिरीची पातळी आम्हांस मोजूं द्या, आणि तो आंकडा गांवाच्या फळ्यावर लिहूं द्या. ज्याचें पाणी अधिक, त्यास हें जड जाईल. पण गांवांत पहिला आंकडा त्याचाच लागला पाहिजे. दुबळ्यानें आपलें दारिद्र्य जाहीर करण्यांत कांहीं विशेष नाहीं. संपन्नानें आपली शिल्लक सांगितली म्हणजे बाकीच्यांस बोलण्याचें धैर्य येतें. आणि ज्यांस शक्य असेल त्यांनीं येत्या वर्षीं बागेचा एक तुकडा कमी करून तेथें ज्वारी पेरावी. कडब्याची किंमत चारा छावणी पाहिलेल्यास सांगावी लागत नाहीं.

इतर दात्यांस एवढेंच सांगतों कीं, आपली देणगी लहान असली तरी ती वेळेवर असावी. सुकाळांत दिलेल्या वर्गणीस कोणी टाळ्या वाजवीत नाहीं. तिचें छायाचित्र निघत नाहीं, कारण गाळ काढलेलें तळें पहिल्या पावसांत भरून जातें आणि काय केलें तें पाण्याखालीं झांकलें जातें. ज्या उन्हाळ्यांत टँकर आला नाहीं, त्या उन्हाळ्याची बातमी कोठेंही छापून येत नाहीं. पण त्या न छापलेल्या बातमीसाठींच आम्ही आज आपल्या दारीं आलों आहों.

प्रत्येक वर्गणीची पावती मिळेल व पै-पैचा तपासलेला हिशेब पुढील अहवालांत छापला जाईल. त्याबरोबर या वर्षापासून आणखी एक तक्ता छापूं: कोणत्या गांवच्या विहिरींत दिवाळीस किती पाणी होतें आणि अक्षय्यतृतीयेस किती उरलें. आमच्या कामाची पारख आपण पहिल्या हिशेबावरून न करतां या दुसऱ्यावरून करावी. आणि त्या तक्त्यांत खालच्या अंगाच्या त्या दगडी विहिरीचा आंकडा पहिल्या ओळींत असेल, इतकें आश्वासन देऊन आम्ही आपली रजा घेतों.